चालू असलेले जुने

कंबोडियातले अंकोर आता मराठी सहलकंपन्यांच्या यादीत आले आहे. तिथे तिकिटावर पाहुण्याचा फोटो छापून देतात. एका दिवसाचे 37 डॉलर. नऊशे वर्षे जुन्या दारात उभे राहताना आपल्या गळ्यात आपलाच चेहरा लटकत असतो.

दूरचे देऊळ पाहायला पैसा लागतो. जवळचे पाहायला कारण लागते, आणि पैशापेक्षा कारण जमवणे अवघड.

गोंदियात अंकोर नाही. हे आधीच सांगून टाकले म्हणजे पुढचे मोकळेपणाने बोलता येते. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. आठ तालुके, भात, राइस मिल, बिडी, जंगल, आणि मुंबई-हावडा मार्गावरचे एक मोठे जंक्शन. बऱ्याच मराठी माणसांनी गोंदिया झोपेतच पाहिलेले असते. गाडी थांबते, चहावाला ओरडतो, आपण कूस बदलतो.

जंक्शनवर गाडी बदलायला सगळे उतरतात. गाव पाहायला कोणी उतरत नाही.

*

ख्मेर देवळे म्हटली की एकटे अंकोरवाट डोळ्यांपुढे येते. पण अंकोरच्या ख्मेर राजांनी बांधलेली देवळे थायलंडच्या ईशान्य प्रांतांतही विखुरली आहेत. बुरीराम, सुरीन अशा भात पिकवणाऱ्या, राजधानीपासून लांबच्या मुलखात. बुरीराममधले फनोम रुंग विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर आहे. त्याची पंधरा दारे एका रेषेत येतात आणि वर्षातल्या ठरावीक दिवशी सूर्य पंधराही दारांतून आरपार दिसतो. त्या दिवशी तिथे जत्रा असते. एरवी डोंगर आणि शेते.

याच देवळाच्या दारावरची शेषशायी विष्णूची शिल्पपट्टी 1960 च्या दशकात नाहीशी झाली. ती शिकागोच्या कलासंग्रहालयात सापडली आणि 1988 मध्ये परत आली. एवढा दगड रात्रीत खिशात घालून नेता येत नाही. तो न्यायला वेळ मिळाला, कारण तिथे पाहायला कोणी नव्हते. चोर कुलपाला भीत नाही, वर्दळीला भितो.

आणि जुलै 2025 मध्ये थायलंड व कंबोडिया यांच्या सीमेवरच्या ता मुएन थोम या जुन्या शिवमंदिराजवळ गोळीबार सुरू झाला, पाहता पाहता तोफा आल्या. त्या देवळातले लिंग स्वयंभू आहे, जमिनीतूनच वर आलेला खडक. खडकाला देश नसतो. देऊळ झाले की त्याला देश मिळतो. देऊळ सीमेवर पडले की देव मागे राहतो आणि नकाशा पुढे येतो.

*

विदर्भात चुन्याविना रचलेले कुठलेही दगडी देऊळ हेमाडपंती ठरते. हेमाद्री तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा प्रधान. त्याच्या जन्माआधीची देवळेही आपण त्याच्या नावावर लावून मोकळे झालो आहोत. तारीख ठाऊक नसली की एखादा माणूस लागतो.

गोंदिया शहराजवळ, बालाघाटच्या वाटेवर, नागऱ्याचे शिवमंदिर आहे. त्यालाही हाच शिक्का. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. शिल्पे पाहायला येणारा माणूस त्या गर्दीत अडचण होऊन उभा राहतो. भाविकाला खांब पाठ टेकायला हवा असतो, अभ्यासकाला फोटोला. दोघांच्या मध्ये खांब निमूट उभा असतो.

जुने देऊळ दोन प्रकारे मरते. एक, कोणी जात नाही. दुसरे, फार जण जातात आणि त्यांच्यापाशी पैसा असतो. मग खाली टाइल्स येतात, भिंतीला ऑइल पेंट लागतो, कळसावर सिमेंटचा कळस चढतो, आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या मूळ कोरीव कामावर बसतात. जीर्णोद्धार म्हटले की दगडाने घाबरावे अशी परिस्थिती आहे.

तरीही निवड करायची झाली तर मी गर्दीच्या बाजूने. रंग खरवडून काढता येतो. शिकागोला गेलेला दगड परत आणायला वीस-पंचवीस वर्षे लागतात, आणि ज्याचे छायाचित्र आधी कोणी काढलेलेच नाही तो कधीच परत येत नाही.

*

आमगावजवळ पदमपूर आहे.

मोठ्या नावांची छोटी गावे महाराष्ट्राला नवी नाहीत. पैठण घ्या. राजधानीचे तालुक्याचे ठिकाण झाले. पदमपूर तेवढेही राहिले नाही. एक खेडे, आणि त्याच्या शिवारात भग्न मूर्ती. पण भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपले कूळ सांगतो तेव्हा पद्मपूर या नगराचे नाव घेतो. उदुंबर घराणे, काश्यप गोत्र, आजा गोपाल, बाप नीलकंठ, आई जातुकर्णी. संस्कृत नाटककारांमध्ये स्वतःचा पत्ता इतक्या नीट लिहून ठेवणारे थोडे. पत्ता लिहूनही घर सापडत नाही, हा भाग वेगळा.

ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे हे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्यांच्या हाती एक जोड होती. दुर्गकडे सापडलेला वाकाटकांचा एक ताम्रपट पद्मपुराहून दिला गेल्याचे सांगतो, आणि पुरता कोरला जाण्याआधीच थांबतो. दान कोणी दिले, कोणाला दिले, काहीच कळत नाही. राजाचे नाव यायचे होते ते आले नाही. गावाचे नाव तेवढे आधी कोरून झाले होते.

इतिहासात अशी गंमत वारंवार होते. राजा स्वतःसाठी ताम्रपट कोरायला बसवतो आणि वाचते ते गाव.

मिराशींचा तर्क सर्वांनी मानलाच पाहिजे असे नाही. तर्काला देवळाचा दर्जा दिला की तो तपासणे बंद होते. पण मला या तर्काचे एक आवडते: त्याने एका खेड्याला दगडाशिवाय प्राचीन केले. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे. तिथली मुले नाव सांगतात तेव्हा आठव्या शतकातला एक कवी फॉर्मवर, हॉलतिकिटावर, गुणपत्रिकेवर उमटतो. पुतळ्याला इतकी वर्दळ मिळत नाही.

भवभूतीचा आश्रयदाता कनौजचा यशोवर्मा. दीड-दोन शतकांनी, 889 मध्ये, अंकोरच्या गादीवर आलेला राजाही यशोवर्माच. नात्याचा संबंध नाही. नाव मात्र समुद्र ओलांडून गेले, आणि ज्याने ते तिथे धारण केले त्याने यशोधरपूर वसवले. विदर्भातला कवी, कनौजचा राजा, कंबोडियातली राजधानी: संस्कृत तेव्हा किती लांब पोचत होती ते एका नावावरून मोजता येते. आज गोंदियाहून कनौजला जायचे तरी गाड्या बदलाव्या लागतील.

*

जुन्या ठिकाणी परत जाणे म्हणजे काय, हे भवभूतीइतके कोणाला कळले नसावे. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकात राम बारा वर्षांनी दंडकारण्यात येतो. जिथे पूर्वी ओढा वाहायचा तिथे आता वाळू आहे. जिथे झाडी दाट होती तिथे विरळ झाली आहे, विरळ होती तिथे दाट. ओळख पटते ती फक्त डोंगरांवरून. डोंगर तिथेच आहेत, म्हणजे रान तेच.

आपण एका सीतेच्या आठवणीने तिथे येत नाही, एवढाच काय तो फरक. बाकी पुरातत्त्वाची पद्धत हीच. पाणी हललेले असते, झाड हललेले असते, माणूस तर हललेला असतोच. न हललेले काय ते शोधायचे आणि त्यावरून उरलेले मांडायचे.

पण तो अंक अर्धाच वाचायचा नसेल तर हेही वाचावे लागते, की राम तिथे येतो तो शंबूकाला मारायला. तप करणाऱ्या शूद्राला. भवभूतीला ते अवघड गेले आहे. रामाचा हात त्याने स्वतःच्या हातालाच दटावत उचलायला लावला आहे. आणि मग त्याने जे केले ते विलक्षण आहे. मारला गेलेला शंबूक दिव्य रूपात परत येतो आणि रामाला तेच अरण्य दाखवत फिरतो. हा डोंगर कोणता, ही दरी कोणती, इथे कोण राहते.

ज्याला मारले तोच वाटाड्या.

प्राचीन स्थळांवरचे वाटाडे पुष्कळदा असेच असतात. अभयारण्यातून उठवलेल्या गावातला पोरगा जिप्सीत पुढे बसून पाहुण्यांना वाघ दाखवतो. जमीन ज्यांची गेली त्यांनाच तिची नावे पाठ असतात.

*

भवभूतीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असे ती नाटकेच सांगतात. म्हणजे राजदरबारात बसून ऐकलेली नव्हेत. देवाच्या जत्रेला जमलेल्या माणसांपुढे.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई सुरू होते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतून. धान कापून झालेले, हातात थोडा पैसा, लेकीबाळी माहेरी आलेल्या. दिवसा बाजार, दंडार, पाहुणे. रात्री मंडपात नाटक. ते पहाटेपर्यंत चालते. वडशाच्या नाटकमंडळ्या ट्रक भरून गावोगाव फिरतात. परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटाला 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाट्यरसिकांना कळले की महाराष्ट्रात तिकीट काढून रात्रभर नाटक पाहणारी माणसे अजून आहेत.

भवभूतीपासून झाडीपट्टीपर्यंत अखंड परंपरा आहे असे मी म्हणणार नाही. मधली हजार वर्षे कोरी आहेत आणि कोरा कागद भरून काढायची आपल्याकडे वाईट खोड आहे. पण जत्रेत नाटक व्हावे, नाटकाला गाव जमावे, गावाने रडावे आणि सकाळी कामाला लागावे, ही रीत त्या मुलखाला परकी नाही एवढे तर दिसते.

भवभूती एके ठिकाणी आपल्या निंदकांना सुनावतो: काळ अमर्याद आहे, पृथ्वी मोठी आहे, माझ्या जातकुळीचा कोणीतरी कधीतरी जन्मेल. त्याची ही आशा पंडितांनी सुभाषित म्हणून पाठ केली. मंडईच्या मंडपात पहाटे तीनला जागे असलेले दोन हजार लोक बघून मला वाटते, त्याने वाट पाहायला नको होती, प्रेक्षक गावातच होता.

*

सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनपासून जवळ, कचारगड. देऊळ नाही. कोणी बांधलेले काही नाही. डोंगराच्या पोटात गुहा, आणि आत शिरल्यावर माणूस लहान होतो.

गोंडांची कथा अनेक रूपांत सांगितली जाते. त्यातले एक असे. कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली, दाराशी प्रचंड शिळा. पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवायचे ठरवले, जंगो रायताड पाठीशी होती. हिरासुका पाटालीर किंगरी वाजवू लागला. सूर आत पोचला, मुलांच्या अंगात बळ आले, शिळा ढकलली गेली. मुले बाहेर आली. शिळा हिरासुकावर आली.

संगीताने दगड पाझरला अशा कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. दगड हलल्यावर तो कोणावर पडतो, हे सांगणारी मला ही एकच ठाऊक.

माघ पौर्णिमेला इथे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून माणसे येतात. पिवळे फेटे, झेंडे, भेटताना 'जय सेवा'. मुंबई-हावडा मार्ग उशाशी असल्यामुळे येणे सोपे. गुहा कितीतरी जुनी, कथा तिच्याहून अलीकडची, आणि आजच्या स्वरूपातली यात्रा 1980 च्या दशकातली. मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी ती उभी केली. कंगाली भाषेचे अभ्यासक. मिराशींनी ताम्रपटावरून एक गाव शोधले. कंगालींनी गाण्यांवरून एक डोंगर शोधला. पहिल्याला आपण संशोधन म्हणतो आणि दुसऱ्याला चळवळ; दोघांनीही ऐकलेल्या नावाची जमिनीशी गाठ घातली.

यात्रा नवी म्हणून खोटी ठरत नाही. पंढरीची वारीसुद्धा कधीतरी पहिल्यांदा निघाली असेल.

कचारगडाचे एक मात्र बरे आहे, तिथे जीर्णोद्धार करता येत नाही. करणारे सापडतील, हे मान्य. पण डोंगराला टाइल्स बसवायला खर्च फार येतो.

*

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही. महाशिवरात्रीला दोन्हींकडे गर्दी. किल्ल्याचे अवशेष आहेत, पण त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही आणि त्यात मला वावगे वाटत नाही. किल्ल्याचे काम संपले. देवाचे आणि पिराचे चालू आहे.

डोंगराच्या आसमंतात, गोठणगावकडे, 1972 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. त्यांनी देश सोडताना जे आणता आले ते आणले: भाषा, प्रार्थना, लोकरीचा धंदा. गोंडांचा किल्ला, शैवांचा महादेव, मुसलमानांचा पीर, तिबेटींचा बुद्ध. एका तालुक्यात एवढे देव राहतात आणि रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल सगळ्यांची तक्रार सारखीच.

*

आता तलाव. मला जे म्हणायचे आहे ते खरे इथेच आहे.

इंद्रवर्मा 877 मध्ये ख्मेर गादीवर आला. त्याच्या शिलालेखात त्याची प्रतिज्ञा नोंदली आहे: आजपासून पाच दिवसांच्या आत खोदकामाला लागेन. देवळाचे नंतर, आधी तलाव. त्याने इंद्रतटाक बांधले. त्याचा मुलगा तो यशोवर्मा. त्याने सात किलोमीटरहून लांब असा पूर्व बराय बांधला. पुढच्यांनी पश्चिम बराय बांधला, तोही जवळजवळ आठ किलोमीटर लांबीचा. पर्यटक या तलावांच्या काठाने देवळाकडे जातात. पाण्याच्या जोरावर भात झाला, भाताच्या जोरावर देऊळ झाले, हा हिशेब तिकिटावर छापलेला नसतो.

पूर्व बराय आज कोरडा आहे. त्याच्या तळात शेतकरी भात लावतात.

गोंदियात देऊळ राहिले मागे आणि तलाव राहिले पुढे. नवेगावबांधचा तलाव सुमारे 11 चौरस किलोमीटरचा. अठराव्या शतकाच्या आरंभी तो कोलू पाटील कोहळी याने बांधला. डोंगरांमधली खिंड हेरली, पाळ घातली, पाणी अडवले. भोवतालच्या डोंगरशिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. त्यांनी मदत केली म्हणून बांध टिकला, अशी श्रद्धा. कोहळी हा समाजच तलाव बांधणाऱ्यांचा. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना या कामासाठी वसवले, असे सांगतात. ऊस आणि भात, दोन्हींची त्यांना जाण होती. म्हणजे पाणी किती हवे आणि कधी नको, दोन्ही कळत होते.

इंद्रवर्म्याने शिलालेख कोरला. कोलू पाटलाने नाही. त्याच्याकडे कवी नव्हता, संस्कृत नव्हते, बहुधा वेळही नव्हता. पावसाळ्याआधी पाळ पुरी व्हायला हवी होती.

शिलालेख नसलेल्या माणसाला विसरायचे, हा राजधानीचा नियम. गावाचा नियम निराळा निघाला. गावाने त्याला देव केले. कोलासूर देव. शेंदूर लावला, पुजारी नेमला, काम झाले. तीनशे वर्षे नाव टिकवायचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि ताम्रपटापेक्षा तो खात्रीचाही ठरला. ताम्रपट अर्धवट राहतो.

एकटे नवेगावच नव्हे. या जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडाऱ्यात डोंगरउतारावर तलावाखाली तलाव, त्याखाली बोडी, अशी रचना आहे. वरचा भरला की सांडव्यातून खालचा भरतो. आधी वरचे शेत की आधी खालचे, यावर भांडणे झाली असतील. भांडणांतूनच पाळ्या ठरल्या असतील. पाणी वाटण्याची रीत ही कुठल्याही कोरीव खांबाइतकीच घडवलेली वस्तू आहे. फक्त ती दिसत नाही, ऐकावी लागते.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली. तलाव सरकारजमा झाले, त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणू लागले. बोलताना मामा तलाव. मालगुजाराचा जुलूम गेला हे चांगलेच झाले. पण पाळीवर उगवलेले झुडूप कोणी काढायचे, गाळ कोणी उपसायचा, हे ठरवणारा माणूसही त्याच दिवशी गेला. त्याच्या जागी कागद आला. कागदावर निस्ताराचे, म्हणजे गावाच्या सामायिक वापराचे, हक्क लिहिलेले आहेत, निस्ताराची कामे लिहिलेली नाहीत.

मालकी बदलली की दगडाचे काही बिघडत नाही. पाळीचे बिघडते. देऊळ शंभर वर्षे बेवारस पडले तर अवशेष होते. तलाव दहा वर्षे बेवारस पडला तर आधी डबके होते, मग प्लॉट.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायकांनी तलावांत उतरून बेशरम नावाचे तण उपटले आणि देशी पाणवनस्पती लावल्या, मासे परत यावेत म्हणून. गुडघाभर चिखलात उभे राहून मूळ काढायचे, चिखलासकट काठावर फेकायचे. कोणत्याही भाषेत याला वारसासंवर्धन म्हणतात. त्या बायकांनी ते पोटासाठी केले आणि म्हणूनच नीट केले.

महाराष्ट्रातले सारस पक्षी बहुतेक याच जिल्ह्यात उरले आहेत. भाताच्या बांधीत घरटे करतात, उथळ पाण्यात चरतात. कंबोडियातही सारसांची एक मोठी जागा म्हणजे आंग त्रापेआंग थ्मोर हा जलाशय. तो ख्मेर रूजच्या राजवटीत वेठीच्या मजुरीवर बांधला गेला. माणसे त्या कामावर मेली. पुढे सारस तिथे उतरू लागले. तलाव कोणी बांधला हे सारस विचारत नाही, पाणी किती खोल आहे ते बघतो. आपण दोन्ही विचारले पाहिजे.

*

  

मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. त्यांच्या पुस्तकांमुळे मराठी वाचकाला हा तलाव माहीत झाला: बदके, वेळूची बने, रात्री जंगलातून येणारे आवाज. 'नवेगावबांधचे दिवस' असे एका पुस्तकाचे नावच आहे. मराठीवर त्यांचे उपकार आहेत. पण परिणाम असा झाला की नवेगाव म्हटले की आपल्याला निसर्ग आठवतो, बांध आठवत नाही, तो नावात असूनही. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्रप्रकल्प झाला आणि वाघाने उरलासुरला इतिहासही झाकून टाकला.

वाघ दिसला नाही म्हणून निराश होऊन परतणारे पाहुणे त्या पाळीवरून जातात. जिप्सी तिथे थांबत नाही. थांबावी असे तिथे काही नाही: खांब नाही, मूर्ती नाही, पाटी नाही. पाणी आहे, खाली भात आहे.

अंकोरला जरूर जा. फनोम रुंगही पाहा, पंधरा दारांच्या दिवशी. पण पूर्व बरायच्या कोरड्या तळात उभे राहिलात तर एवढे ध्यानात ठेवा की त्याच जातीची, त्याहून लहान, राजाशिवाय बांधलेली गोष्ट गोंदियात आजही भरलेली आहे आणि तिच्या पाण्यावर यंदाही रोवणी झाली.

जिल्ह्याची ओळख करून देणाऱ्यांना एक विनंती. पुढची पुस्तिका छापाल, पुढची पाटी रंगवाल, तेव्हा नवेगावबांध 'निसर्ग' या मथळ्याखालून काढून 'इतिहास' या मथळ्याखाली घ्या. पदमपूर, नागरा, कचारगड यांच्या शेजारी. आणि तिथे कोलू पाटील कोहळी हे नाव बांधणारा म्हणून लिहा. देव म्हणून त्याची सोय गावाने कधीच करून ठेवली आहे.